दोन गळे पाहिजेत

जुनं गाणं म्हटलं की तुमच्या कानात आधी कोणाचा आवाज येतो? खरं सांगा. दरबारात मांडी घालून बसलेल्या कुणा उस्तादाचा, की दिवसभर मिठागरात राबून घरी आलेल्या बाईचा?

मला वाटायचं, या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला ठाऊक आहे. आमचं घर वरशाला, रोह्याला लागून. बाबा कारखान्यात कामाला आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहिणारे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. गृहपाठ पाठकोऱ्या पत्रकांवर, किराणाची यादी पाठकोऱ्या पत्रकांवर. एका बाजूला गूळ, साबण, तूरडाळ आणि दुसऱ्या बाजूला ‘कंत्राटी कामगारांनो, जागे व्हा’. असल्या घरात वाढलेल्या मुलीला प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि ते छापावंसं वाटतं.

पखवाज मात्र मी गावच्या भजनी मंडळात शिकले. सरावाला मी वाजवायचे, सप्ताहात मंडळातले काका वाजवायचे. असं का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “तू लहान हायस अजून.” तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

म्हणून पेणला उन्हाळी शिबिर भरणार असं कळल्यावर मी लगेच नाव दिलं. शाळेच्या फाटकावर फलक होता, ‘जुन्या संगीताचं शिबिर, गायक आणि वादकांसाठी’. बारा दिवस, सकाळी आठ ते बारा. शिकवणार होते पेणचेच एक निवृत्त शिक्षक. तरुणपणी ते गुरूच्या घरी राहून धृपद शिकले होते. धृपद म्हणजे ख्यालाच्याही आधीची गायकी, संथ आणि भारदस्त, साथीला तबल्याऐवजी पखवाज. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो.

मी रोह्याहून सकाळच्या गाडीने यायचे, पखवाज मांडीवर घेऊन. नागोठणं यायच्या आत कुणीतरी विचारायचंच, “कोण गेलं गो?” आमच्याकडे सकाळी सकाळी पखवाज बाहेर पडला म्हणजे कुठेतरी मयत झालं आणि भजनाला बोलावणं आलं, एवढाच अर्थ. मी सांगायचे, कोणी गेलं नाही, शिबिराला चाललेय. “मग बरं हाय,” म्हणून माणूस खिडकीकडे वळायचा. तिसऱ्या दिवशी एका मावशींनी तर मला शेंगदाण्याचा लाडू दिला, “मयत नाय ना, मग खा.”

पहिल्याच दिवशी मी सरांशी भांडले. ते धृपदाचा इतिहास सांगत होते, राजे, दरबार, मंदिरं. मी हात वर केला. “सर, हे जुनं म्हणजे कोणाचं जुनं? दरबारात हे चाललं होतं तेव्हा खारेपाटात खाडीचं पाणी अडवायला बांध घालणारी माणसं होतीच ना? ती मुकी होती का?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “प्रश्न चांगला आहे,” ते म्हणाले. “पण तुझ्या पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक सुकलीय. आधी ती ओली कर, पखवाज सुरात आण, मग राजाला काय बोलायचं ते बोल.”

वर्ग हसला. कणीक सुकली होती, हे खरंच होतं. घरून मळून आणलेला गोळा पेणच्या उकाड्यात तासाभरात तडकायचा आणि पखवाज खोकल्यासारखा वाजायचा.

सरांचा एक नियम होता. वही नाही, मोबाइल नाही. बारा दिवसांत एकच धृपद, तेही तोंडून तोंडात. “लिहून ठेवलं की विसरायला परवानगी मिळते,” ते म्हणायचे. मी म्हटलं, लिहून ठेवलं नाही म्हणूनच गरिबांचं सगळं हरवलं. ते म्हणाले, “हेही खरं आहे. तरी वही पिशवीत टाक.” त्यांच्याशी भांडता यायचं नाही. ते समोरच्याचं बरोबर आहे असं मान्य करायचे आणि स्वतःला हवं तेच करायला लावायचे.

चौथ्या दिवशी, आमचा तंबोरा लागत असताना, दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्याखाली आखूड नेसलेलं लुगडं, केसांत अबोली, पायांना मिठाच्या पाण्याने पडलेल्या भेगा. मागे तिची नात, दोन्ही हातांत बस्त्याच्या पिशव्या. नात शरमून म्हणाली, “आजीने मला फलक वाचायला लावला आणि थेट आतच शिरली. चल ना आजी, दुकान बंद होईल.”

आजी हलली नाही. तिने सरांना विचारलं, “जुनी गानी शिकवतास ना हितं?”

“हो, आजी.”

“मग मना दोन गले पायजेत.”

तिला काय हवं होतं ते समजायला आम्हाला अर्धा तास लागला. आजी खारेपाटातल्या, म्हणजे पेणजवळच्या खाडीकाठच्या पट्ट्यातल्या, एका गावची धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी ज्या गाण्यांनी होतात ते धवले, आणि ते गाणारी, विधी चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. धवला एकटीने गात नाहीत. धवलारीण एक ओळ म्हणते, मागे बसलेली साथीण तीच ओळ झेलते. तेवढ्यात धवलारणीला श्वास मिळतो. आजीची साथीण म्हणजे तिची जाऊ. उभ्या जन्मात दोघींनी एकमेकींच्या मागे ओळी झेलल्या, आणि ती जाऊ मागल्या दिवाळीत वारली. आता दहा दिवसांवर याच नातीची हळद होती. घरच्यांनी डीजे सांगितला होता. लग्नाला भटजी होता. मुलगा म्हणाला होता, आई, तुझा दम पुरत नाही, आपण मोबाइलवर लावू.

“मोबाइल माज्या नातीला हलद लावनार काय?” आजी म्हणाली. “माजी पोर माज्या धवल्याबिगर बोहल्यावर नाय जायची. आन एकटीचा मना दम नाय पुरत. खोटं कशाला बोलू?”

सर उठले, त्यांची स्वतःची बैठक सोडून सतरंजीवर आमच्यात येऊन बसले आणि आजीला म्हणाले, “तिथं बसा. रोज अकरा ते बारा वर्ग तुमचा.”

मला तेव्हा सर फार आवडले. आदल्या तीन दिवसांतली भांडणं मी मनातल्या मनात मागे घेतली.

पण आजीचा वर्ग सोपा नव्हता. पहिल्या दिवशी आमच्या गाणाऱ्या मुलीने तंबोरा छेडला. आजी दोन ओळी गाऊन थांबली. “ती माशी गप करा आधी.”

“आजी, तो सूर आहे,” मुलगी म्हणाली.

“माजा सूर माज्याकडं हाय. माशीचा माशीला ठेवू दे.”

मग मी हळूच पखवाजावर ठेका धरला. इतका हळू की मलाच जेमतेम ऐकू येत होता. आजी पुन्हा थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, तुजा हात माज्या पायात येतय.”

तिची लय हळद लावणाऱ्या हातांची होती. हात गालावर थांबला की ओळ थांबायची, कपाळावर गेला की पुढे जायची. माझ्या बारा मात्रा त्यात काय करणार? सर म्हणाले, “हात मांडीवर ठेव. हाही वादनाचाच धडा आहे.” मला राग आला. दरबाराविरुद्ध या बाईची बाजू मीच घेतली होती आणि तिच्या वर्गात पहिली हकालपट्टी माझ्याच वाद्याची.

मग झेलणं सुरू झालं. आमच्या चांगल्या चांगल्या गायिका त्यात पडल्या. त्यांना शिकवलेलं होतं, समोरच्याची ओळ संपू द्यायची, समेवर थांबायचं, मग उचलायची. आजी कपाळाला हात लावायची. “मी भुईवर टाकल्यावर उचलून काय करायचं गो? वरच्यावर धर.” तिच्या शेवटच्या अक्षराची शेपटी हवेत असतानाच मागून आवाज यायला हवा होता, दोन आवाजांत फट पडता कामा नये. मुली सूर बघत बसायच्या आणि ओळ जमिनीवर यायची.

पाचव्या प्रयत्नाला मी न राहवून झेलली. माझा गळा गाण्याचा नाही. पण झेलणं मला येत होतं, कारण लहानपणापासून मोर्चात मी तेवढंच केलं होतं. बाबांनी घोषणेचं पहिलं अंग टाकायचं आणि ते विझायच्या आत आम्ही दुसरं उचलायचं. उशीर झाला तर मोर्चा मेला.

आजीने मान वळवून पाहिलं. “बेसूर हायस,” ती म्हणाली, “पन येलेवर हायस. ये मागं बस.” आणि तंबोऱ्यावाल्या मुलीला म्हणाली, “तू हिच्याकडून येल घे, तिला तुजा सूर दे.” अशी तिला दोन गळ्यांची एक साथीण मिळाली.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी पत्रक काढलं.

गाडीतच लिहिलं, रोहा ते पेण. मथळा होता ‘लग्न लावणारी बाई’. धवलारीण ही मुळात स्त्री-पुरोहित आहे, तिला भटजीची गरज नाही, तिचा मान तिच्याकडून काढून घेतला गेलाय, येत्या आठवड्यात खारेपाटात एका नातीचं लग्न आजीच्या धवल्यांनी लागणार आहे, आणि शिबिराच्या समारोपाला त्या सभागृहात गातील, सर्वांनी यावं. गावाचं नावही घातलं. शंभर प्रती झेरॉक्स काढून पेण स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर वाटल्या. मला फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी आजी आली नाही. अकरा वाजता नात एकटी आली. तिच्या मोबाइलवर माझ्या पत्रकाचा फोटो होता. तो नवऱ्यामुलाच्या घरच्या ग्रुपवर फिरला होता. नवऱ्याच्या काकाने तिच्या बाबांना फोन करून विचारलं होतं, तुम्हाला आमचा भटजी चालत नाही का? बाबांनी आजीला सांगितलं, आता तू हळदीतही गायची नाहीस, एक ओळ नाही.

“आजी कालपासून जेवली नाय,” ती म्हणाली. “ताई, तुमचं शिबिर बारा दिवसांचं. माझं सासर जन्माचं हाय.”

सरांनी पत्रक दोनदा वाचलं. घडी घालून मला परत दिलं. “हे तिला वाचून दाखवलं होतंस?”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी मिनिडोअरने, म्हणजे सहा आसनी रिक्षाने, खारेपाटात गेलो. अंगणात मांडवाचे बांबू पुरत होते. आजीच्या मुलाने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, सरबत दिलं आणि मग विचारलं, “आमची आई काय प्रदर्शनात ठेवायची हाय का?” मी माफी मागितली. पण माझी जीभ गप बसेना. मी म्हटलं, “दादा, चूक माझी आहे. पण आजींचा मान तर—”

“तू गप,” आतून आजी म्हणाली. ती दारात आली. “तू माज्या घरात बंड कराय आलीस का धवला झेलाय? भट त्याचा म्हूर्त बगतो, मी माजं गाते. आमचं दोगांचं कवा भांडान नाय झालं. तू लावलास.”

मी म्हटलं, “आजी, तुमचा अधिकार आधीचा आहे.”

“हाय ना. मना ठावं हाय. मंग तो माजा हाय का तुजा?”

माझं मत मी बदललेलं नाही. पण ते भांडण करायचं की नाही, कधी करायचं, कोणाच्या लग्नात करायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता आणि तो मी शंभर प्रतींत वाटून आले होते.

मुलगा म्हणाला, “छापलंस तू, निस्तर पन तूच. त्या लोकांनी हो म्हटलं तर माझं काय म्हननं नाय.”

नवरामुलगा रोह्याच्या बाजूचा, आतल्या भातशेतीच्या गावचा. मी संध्याकाळी तिथे गेले. नवऱ्याची आई ओसरीवर परात घेऊन मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला नखशिखान्त पाहिलं आणि परात माझ्याकडे सरकवली. “सोल. सोलता सोलता बोल.”

भिजल्या वालाची सालं काढत माफी मागणं कठीण असतं. दाणे निसटतात, बोटं चिकट होतात आणि भाषण तर करताच येत नाही. मी सरळ सांगितलं. आजीने काही छापलं नाही, तिला माहीतही नव्हतं, भटजींना तिचा विरोध नाही. तिला फक्त हळदीत नातीसाठी गायचंय. एकटीचा दम पुरत नाही म्हणून ती आमच्याकडे आली होती.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “रागावलाय तो माजा दीर. त्याला रागवायला कायतरी लागतंच, गेल्या लग्नात जिलबीवरून रागावला होता. हळद त्यांच्या मांडवातली. तिथं आजी गाते का आत्या गाते, मी कशाला विचारू? माज्या हळदीतपन म्हाताऱ्या बायाच गायल्या होत्या.” मग माझ्या हातातला दाणा काढून घेत, “साल राह्यलंय याला. आनी एक. मोबाइल काढायचा नाय कुनी. माज्या सुनेची हळद गावभर फिरायला नको. तुज्या त्या कागदासारखी.”

त्यांनी माझ्यासमोरच व्याह्यांना फोन लावला. मी वाल संपवूनच उठले.

शिबिराचा समारोप झाला. आमचं धृपद बरं झालं, माझी कणीक टिकली. हातात माझं पत्रक घेऊन चारपाच माणसं धवला ऐकायला आली होती. सरांनी त्यांना सांगितलं, “ती बाई लग्नात गाते. तुमच्या घरी लग्न असेल तेव्हा बोलवा तिला.”

दोन दिवसांनी हळद होती. दुपार कलल्यावर आम्ही दोघी, मी आणि तंबोऱ्यावाली मुलगी, आजीच्या मागे बसलो. समोर पाटावर नात. अंगणाच्या कडेला डीजेवाल्याने भिंतीएवढे स्पीकर रचले होते. नातीने त्याला पाटावरूनच सांगितलं, “आजीचं होईपर्यंत वायरला हात लावलास तर तुला पन हळद लावीन.” तो खुर्ची उलटी करून बसून राहिला.

आजीने पहिला धवला उचलला. आम्ही झेलला. दुसराही झाला. अंगणात पंचवीसतीस बायका होत्या, कुणी हळद लावत होती, कुणी नुसती बघत होती. तिसरा धवला लांबचा, त्यात नवरीला हळद लावायला येणाऱ्या सगळ्या नात्यांची नावं ओळीने येतात. तो मध्यावर असताना आजीचा आवाज गेला. तोंड उघडं, पण आवाज नाही. धवला एकदा उचलला की मध्येच खाली ठेवत नाहीत, हे आम्हाला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आम्ही दोघी फक्त झेलायला शिकलेल्या. समोरून ओळ आली नाही तर झेलायचं काय? पुढची ओळ मला येत नव्हती. माझ्या शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. नातीचा चेहरा पिवळ्या हळदीखाली पडलेला दिसला.

तेव्हा मागून, पाण्याच्या पिंपाजवळून, एक जाडजूड आवाज आला. कुणा शेजारणीने पुढची ओळ उचलली होती. मामीची.

“मामी नाय गो, आत्या येते आधी,” दुसरी म्हणाली, आणि तिने गाऊनच आत्याची ओळ घातली.

“तुज्या घरात येत असल आत्या आधी.”

“आदीपासून आत्याच हाय. इचार म्हातारीला.”

भांडत भांडत त्या गात राहिल्या. अर्ध्या अंगणाने आत्याची बाजू घेतली, अर्ध्याने मामीची, आणि धवला काही खाली पडला नाही. आम्ही दोघी जे येईल ते झेलत होतो. आजी हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज परत आला आणि तिने मान हलवून निकाल दिला, आत्या. पुढची ओळ तिनेच घेतली, आणि ती झेलायला आता आम्ही दोघीच नव्हतो.

नंतर मी त्या पिंपाजवळच्या बाईंना विचारलं, तुम्हाला एवढं सगळं येतं, मग म्हाताऱ्या बाईला साथीण शोधत पेणला का जावं लागलं? त्या म्हणाल्या, “मागं तिची जाऊ बसायची. ती जागा तिची. ती गेल्यावर तिथं आपन कसं बसायचं? कुनी बस म्हटलंच नाय. तुमी परक्या पोरी बसलात, त्यात बेसूर, म्हटलं आपलं काय जातंय.”

म्हणजे आमचा उपयोग झाला तो एवढाच. पुढच्या लग्नाला आमची गरज लागणार नाही. परतताना मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आजीने निघताना माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि म्हणाली, “तुज्या लग्नाला मी गाईन. पन पत्रक नको काढूस.” मागे डीजे सुरू झाला आणि तिच्या नातीबरोबर ती पिंपाजवळची बाई सगळ्यांत आधी नाचायला उठली.

आता तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या गावात, आळीत, नात्यात एखादी गाणारी म्हातारी असेल. ओव्या म्हणत असेल, धवले म्हणत असेल, आणि तिच्या मागे बसणारी गेली असेल. तिच्याकडे रेकॉर्डर घेऊन जाऊ नका. या आठवड्यात जा, तिच्या मागे बसा आणि एक ओळ झेला, बेसूर असलात तरी. तुम्ही बसलात की शेजारच्या बायका तोंड उघडतील. आणि त्यानंतरही तिच्याबद्दल काही छापावंसं वाटलं, तर छापण्याआधी ते तिला सबंध वाचून दाखवा. ती नको म्हणाली, तर कागद फाडून टाका.